नावाची किंमत आणि घामाची मजुरी

अमेरिकेतल्या दोन महाविद्यालयांमधली पहिली क्रीडास्पर्धा ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपसॉकी सरोवरावर झाली. हार्वर्ड आणि येल यांच्यातली ती वल्हवण्याची शर्यत हार्वर्डने जिंकली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन पिअर्स यांच्या हस्ते विजेत्यांना चांदीने मढवलेली वल्ही मिळाली. या गौरवाच्या वर्णनात एक गोष्ट बहुधा मागे पडते. शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. तिचा लोहमार्ग त्या सरोवराकडे जात होता आणि तिला प्रवासी हवे होते. मुलांचे जाणे-येणे आणि राहणे-खाणे कंपनीने केले, त्या बदल्यात शर्यत पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांची कमाई तिला मिळाली. महाविद्यालयीन खेळात पैसा २०२१ मध्ये शिरला असे मानणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. पैसा पहिल्या दिवसापासून होता. तो खेळाडूच्या हाती पडू नये अशी व्यवस्था मात्र नंतर, चांगला विचार करून उभारली गेली. तिचा पहिला मोठा चिरा १ जुलै २०२१ रोजी निखळला.

त्या दिवसापासून अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर, छबीवर आणि प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. तिथे हा विषय ‘एनआयएल’ या तीन अक्षरांनी ओळखला जातो. पहिल्याच दिवशी फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या हेली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बहिणी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकल्या. पुढच्या चार वर्षांत कोट्यवधी डॉलरचे करार झाले, खटले झाले, संघबदलांची झुंबड उडाली, आणि ‘खेळाचा बाजार झाला’ ही तक्रार नेहमीची झाली. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. खेळाडूला मिळू शकणारा पैसा दोन प्रकारचा असतो. एक त्याच्या नावाची किंमत, जी जाहिरातदार देतो. दुसरी त्याच्या घामाची मजुरी, जी ज्याच्यासाठी तो खेळतो त्याने द्यायची. अमेरिकेने पहिली देऊ केली आणि दुसरी नाकारली. नाकारलेली मजुरी मग जाहिरातीचे सोंग घेऊन आली. आज जो गोंधळ दिसतो तो जाहिरात करारांचा नाही, त्या सोंगाचा आहे.

मराठी वाचकाला हा वाद समजण्यासाठी आधी त्या खेळाचा आकार समजला पाहिजे. आपल्याकडे एकेकाळी रोहिंटन बारिया करंडकासाठी मुंबई विद्यापीठाकडून सुनील गावसकर खेळले, तेव्हा आंतरविद्यापीठ सामन्यांना वजन होते. आज अशा सामन्यांना प्रेक्षक म्हणजे बहुधा राखीव खेळाडू आणि चार मित्र. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची क्षमता एक लाख सात हजारांहून अधिक आहे आणि ते भरते. एनसीएए ही नियामक संघटना सुमारे अकराशे महाविद्यालयांची आणि पाच लाखांहून अधिक खेळाडूंची. तिच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क २०१० मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. शिवाय खेळाडूला दुसरी वाट जवळपास नाही. शालेय शिक्षण संपल्यावर तीन वर्षे उलटल्याशिवाय एनएफएल ही व्यावसायिक फुटबॉल संघटना त्याला घेत नाही. आपल्याकडे २०२४ च्या आयपीएल लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांची बोली लागली. तिथला एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू कितीही गुणी असला तरी मैदान विद्यापीठाचेच. आणि महाविद्यालयीन फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी शंभरात दोनही पुढे एनएफएलपर्यंत पोहोचत नाहीत. बाकीच्यांच्या कमाईचा काळ हाच. तो सरला की त्यांच्या नावाला गिऱ्हाईक नाही.

मग हा पैसा खेळाडूला निषिद्ध का ठरला? उत्तर हौशी खेळाच्या कल्पनेत आहे आणि ही कल्पना अमेरिकेने इंग्लंडमधून आणली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘हौशी’ असणे ही वर्गाची खूण होती. ज्याच्या घरी पैसा आहे तोच पैशाशिवाय खेळू शकतो. क्रिकेट जाणणाऱ्या मराठी वाचकाला ‘जेंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ यांच्यातले सामने ठाऊक असतील. एकाच संघातल्या या दोन जातींना कपडे बदलायच्या खोल्याही वेगळ्या असत आणि हा भेद १९६२ पर्यंत टिकला. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा अमेरिकेचा आदिवासी खेळाडू जिम थॉर्प याची पदके काढून घेतली गेली, कारण त्याने आधी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिकने हौशीपणाचा आग्रह १९८० च्या दशकात सोडला. अमेरिकी विद्यापीठांनी तो धरून ठेवला, आणि तोही सोयीपुरता. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने दाखवून दिले होते, की नियम काहीही असोत, महाविद्यालये खेळाडूंना सर्रास पैसे देतात. चोरून दिलेला पैसा थांबत नाही हे कळल्यावर १९५६ मध्ये एनसीएएने क्रीडा शिष्यवृत्त्या अधिकृत केल्या. म्हणजे मोबदला मान्य झाला. फक्त त्याला मोबदला म्हणायचे नव्हते.

का म्हणायचे नव्हते, याचे कारण कायद्यात आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन हा फुटबॉलपटू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९५७ मध्ये फेटाळला. याच सुमारास एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या सल्लागारांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कामगार ठरला तर विमा, भरपाई, पगार, संघटना असे सारे प्रश्न उभे राहतील, त्या प्रश्नांना हा शब्द अडसर होता. याच बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ही व्यवस्था खेळाडूंचे शोषण करते असे स्पष्ट म्हटले. ज्याने कुंपण घातले त्यानेच ते कोणाच्या फायद्याचे आहे हे सांगितले, यापेक्षा वजनदार साक्ष मिळणे कठीण.

मजुरी नाकारण्याचा निर्णय एकदा झाल्यावर तो राखण्यासाठी नावाचा हक्कही काढून घ्यावा लागला. नाहीतर पैसा त्या दाराने आत आला असता. ही बंदी किती टोकाला गेली हे जेरेमी ब्लूम याच्या प्रकरणात दिसते. तो कोलोरॅडो विद्यापीठाचा फुटबॉलपटू आणि त्याच वेळी ऑलिंपिक दर्जाचा स्कीपटू होता. स्कीइंगमध्ये खर्च भागतो तो प्रायोजकांवरच. एनसीएएच्या नियमांनुसार एका खेळात पगार घेणारा खेळाडू दुसऱ्या खेळात महाविद्यालयाकडून खेळू शकत होता. पण जाहिरातीचे पैसे घेऊ शकत नव्हता. ब्लूम न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये हरला. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःच्या अंगावरची जर्सी हजार डॉलरना विकली, म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवले. त्याच क्रमांकाच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात विकल्या जात होत्या. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या डोनाल्ड डे ला हेचे खेळणे बंद झाले, कारण स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवरचे उत्पन्न तो एनसीएएच्या अटींवर सोडायला तयार नव्हता. याच विद्यापीठांत संगीताच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीने रात्री हॉटेलात गाऊन पैसे मिळवले तर कोणाची हरकत नव्हती. ही बंदी विद्यार्थ्यावर नव्हती. ज्याच्या नावावर विद्यापीठ स्वतः कमावत होते, त्याच विद्यार्थ्यावर होती.

ती उठवली न्यायालयांनी आणि राज्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एनसीएएची प्रक्षेपणावरची मक्तेदारी मोडली, पण हौशीपणाच्या परंपरेबद्दल निकालात आदराचे चार शब्द घातले. एनसीएए पुढची पस्तीस वर्षे ते शब्द ढालीसारखे वापरत राहिली. २००९ मध्ये एड ओ'बॅनन याने दावा लावला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९९५ चे विजेतेपद मिळवून देणाऱ्या या बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखाच उंचापुरा, डावखुरा, आपल्याच क्रमांकाचा खेळाडू दिसला होता. नाव नव्हते, पैसेही नव्हते. न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी २०१४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो अर्धाच टिकला. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०१९ मध्ये खेळाडूंना जाहिरात कराराचा हक्क देणारा कायदा केला आणि इतर राज्ये मागोमाग आली, कारण आपल्या विद्यापीठांनी खेळाडू गमवावेत हे कुठल्याच विधिमंडळाला परवडणारे नव्हते. अखेर २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएविरुद्ध कौल दिला. तो खटला शैक्षणिक लाभांपुरता होता. पण न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र मतात बजावले, की मोबदला न देण्यावर एकमत करून चालणारा असा धंदा अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात बेकायदा ठरला असता. दहा दिवसांत एनसीएएने बंदी उठवली. ज्या कंपनीच्या व्हिडिओ गेमपासून हे सुरू झाले, तिचा महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम खटल्यांमुळे बंद पडला होता. जुलै २०२४ मध्ये तो परतला. या वेळी संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. एवढे द्यायला पंधरा वर्षे लागली.

नावाचा खरा बाजार कसा चालतो हे पाहिले तर घाबरण्यासारखे काही सापडत नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघात शिष्यवृत्ती न मिळालेले, स्वतःच्या खर्चाने शिकणारे खेळाडू होते. ऑगस्ट २०२१ मध्ये युटातल्या एका प्रोटीन बार कंपनीने करार करून त्यांच्या शुल्काची सोय केली. गावातले मोटार विक्रेते, खानावळी, उन्हाळी शिबिरे, स्वाक्षऱ्या हे बहुतेक करारांचे स्वरूप, रकमाही माफक. सर्वांत बोलका पुरावा महिला खेळाडूंचा आहे. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क विद्यार्थिनी असतानाच नायकी आणि स्टेट फार्म यांच्या जाहिरातींत होती. २०२४ चा महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा हा आकडा मोठा होता. पदवीनंतर व्यावसायिक डब्ल्यूएनबीएमध्ये तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार ठरला ७६ हजार डॉलरच्या आसपास. तिच्या कामाची मजुरी ठरवणारी यंत्रणा तिच्या नावाच्या किमतीपासून किती मागे होती, हे या एका आकड्यातून कळते. जाहिरातदार लिंग किंवा खेळ पाहत नाही, लोकांची नजर कुठे आहे ते पाहतो. म्हणून जिम्नॅस्टिक्ससारख्या, पुढे मोठी व्यावसायिक कारकीर्द नसलेल्या खेळातली लुइझियाना स्टेटची ऑलिव्हिया डन या बाजारात आघाडीवर राहू शकली.

मग गोंधळ आला कुठून? विद्यापीठांच्या श्रीमंत चाहत्यांनी एकत्र येऊन निधी उभारले. त्यांना ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. नियम सांगत होता की विद्यापीठाने पैसे द्यायचे नाहीत आणि संघात येण्याच्या बदल्यात कोणीही पैसे द्यायचे नाहीत. कलेक्टिव्ह विद्यापीठाचा भाग नव्हते आणि कागदावर पैसा होता जाहिरातीचा. एखादी स्वाक्षरी, एखादी समाजमाध्यमावरची पोस्ट, आणि त्याबद्दल लाखो डॉलर. गिऱ्हाइकाला काहीही विकायचे नसलेली ही जाहिरात होती. सगळ्यांना ठाऊक होते की हा पगार आहे. पण पगार म्हणून लिहिलेला नसल्याने पगाराला असणारे कुठलेच संरक्षण त्याला नव्हते. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकने, म्हणजे फुटबॉल संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, मे २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात आरोप केला, की फ्लोरिडा विद्यापीठाकडे येण्यासाठी त्याला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचे आमिष दाखवले गेले आणि पैसे मिळाले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये नेव्हाडा विद्यापीठाच्या लास व्हेगसमधल्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका हंगामातले पहिले तिन्ही सामने जिंकून निघून गेला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत असे त्याच्या बाजूचे म्हणणे, असा औपचारिक प्रस्ताव दिलाच नव्हता असे कलेक्टिव्हचे. खरे कोण, हे ठरवायला लेखी करारच नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या अर्जावर संघीय न्यायालयाने एनसीएएला भरतीच्या वेळच्या अशा वाटाघाटी रोखायला मनाई केली. शिवाय संघबदलासाठीच्या ‘ट्रान्सफर पोर्टल’ या नोंदणी व्यवस्थेमुळे खेळाडू दर वर्षी संघ बदलू शकत होता. ना मुदत, ना नोटीस, ना दोन्ही बाजूंना बांधणारा कागद. कुठल्याही धंद्यात पगार असा दिला तर गोंधळच होईल.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्किन यांनीच मंजूर केलेली ‘हाउस’ तडजोड या गोंधळावरचा उतारा म्हणून पुढे आली. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २०१६ पासूनच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंशी थेट महसूल वाटून घेण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा होती प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे मजुरी मान्य झाली. पण तिलाही मजुरी म्हणायचे नव्हते. बड्या विद्यापीठांच्या ठरावीक उत्पन्नांच्या सरासरीच्या २२ टक्के हा मर्यादेचा आधार. एनएफएलमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. एनएफएलमध्येही कमाल मर्यादा आहे, मात्र ती खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटीत मान्य केलेली आहे. इथे ती वकिलांच्या तडजोडीतून आली. खेळाडूंची निवडलेली संघटना त्यात नव्हती. त्याचबरोबर सहाशे डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार एका नव्या यंत्रणेपुढे तपासणीस ठेवावा लागतो. जाहिरात खरी आहे का आणि तिची किंमत वाजवी आहे का, हे ती यंत्रणा पाहते. सोंग ओळखण्यासाठी पोलीस नेमले, पण सोंग घ्यावे लागण्याचे कारण तसेच राहिले. प्रशिक्षकाच्या मोबदल्याला अशी तपासणी कधीच लागली नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे पत्करले, तेव्हा तिची वाजवी किंमत कोणी ठरवली नव्हती.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की शिक्षण हाच पुरेसा मोबदला आहे. लाखो अमेरिकी तरुण शैक्षणिक कर्जात बुडालेले असताना फुकट पदवी मिळणे ही काही थोडी गोष्ट नव्हे. गोष्ट थोडी नाही हे खरेच. पण ती मिळतेच असे नाही. १९७३ पासून जवळपास चार दशके शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरतीच देता येई. दुखापत झाली किंवा प्रशिक्षकाची मर्जी उतरली तर ती पुढच्या वर्षी बंद होऊ शके. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल संकुलात दोन दशकांच्या आसपास असे वर्ग चालले, ज्यांत हजेरी नव्हती आणि शेवटी एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यांतून गेले आणि त्यांत निम्म्याच्या आसपास खेळाडू होते. या प्रकरणी एनसीएएने २०१७ मध्ये विद्यापीठाला कुठलीही शिक्षा केली नाही. शिक्षण हा मोबदला असेल तर त्या मोबदल्यात झालेल्या भेसळीची दाद खेळाडूने कोणाकडे मागायची? मोबदला म्हणून मान्य केलेल्या गोष्टीला निदान दाद असते.

दुसरा आक्षेप छोट्या खेळांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणे, कुस्ती, ॲथलेटिक्स चालतात. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकाचा मोठा हिस्सा याच कार्यक्रमांतून येतो. फुटबॉलपटूंना वाटा दिला तर या खेळांचे काय? इथे नाव आणि मजुरी वेगळी करून पाहिली की उत्तरही वेगळे मिळते. जाहिरातीचा पैसा विद्यापीठाच्या तिजोरीतून येत नाही, त्यामुळे त्याने छोट्या खेळाचे काही जात नाही. उलट जिम्नॅस्टला उत्पन्नाची वाट मिळते. महसूल वाटपाने मात्र ताण येणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. भरपाईच्या सूत्रात सुमारे नव्वद टक्के रक्कम पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाते, म्हणून काही महिला खेळाडूंनी स्त्री-पुरुष समानतेच्या १९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन लगेच अपील केले. त्यांचा मुद्दा भक्कम आहे. तरीही कात्री कोणी लावली याचा हिशेब नीट ठेवावा. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली होती, जी पुढे मागे घ्यावी लागली. तेव्हा खेळाडूला जाहिरातीचा एक डॉलरही घेता येत नव्हता. काटकसर करायची तर ती कुठे, हा विद्यापीठाचा निर्णय असतो आणि प्रशिक्षकांच्या करारांकडे पाहिले तर त्याला वाव भरपूर आहे.

तिसरा आक्षेप असा, की पैशाने संघभावना मोडते, श्रीमंत विद्यापीठे सगळे खेळाडू ओढून नेतात आणि चाहते पाठ फिरवतात. चाहत्यांबद्दलचे भाकीत एनसीएएने न्यायालयात अनेक वर्षे मांडले. प्रेक्षकांनी ते खोटे ठरवले. समतोलाबद्दल म्हणायचे तर बंदीच्या काळात, २००९ ते २०२० या बारा हंगामांत, एकट्या अलाबामाने फुटबॉलची सहा विजेतेपदे पटकावली. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्टने, ज्याला त्या विभागात कोणी खिजगणतीत धरत नसे, अलाबामाला ४०-३५ असे हरवले. एका सामन्याने सिद्धांत सिद्ध होत नाही. पण बंदीने समतोल राखला होता, हा दावा मात्र सहा विजेतेपदांनी खोडला जातो. संघभावनेचेही तसेच. शिष्यवृत्तीचा आणि विनाशिष्यवृत्तीचा खेळाडू आधीही शेजारी शेजारी खेळत होते; असमान मोबदल्यावर जगभरचे व्यावसायिक संघ खेळतात आणि जिंकतात.

चौथा आक्षेप कोवळ्या वयाचा. अठरा वर्षांच्या मुलाला दलाल लुबाडतील, भलत्या करारांत अडकवतील. हा धोका खरा आहे आणि वर दिलेली उदाहरणे त्याचीच आहेत. पण व्यावसायिक खेळांत दलालांना परवाना देणारी, त्यांच्या कमिशनवर मर्यादा घालणारी यंत्रणा खेळाडूंच्या संघटनांची असते. महाविद्यालयीन खेळाडूला ती नाही, कारण त्याला संघटना नाही; आणि संघटना नाही, कारण तो कामगार नाही असे सत्तर वर्षे सांगितले गेले. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये हा प्रयत्न केला, तो पुढच्या वर्षी राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने हाती घ्यायलाच नकार दिला. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेचा ठराव केला आणि वर्षअखेरीस प्रतिकूल मंडळाच्या धास्तीने अर्ज मागे घेतला. सगळ्या अकराशे महाविद्यालयांतल्या पाच लाख मुलांना नोकर ठरवावे, असे इथे सुचवायचे नाही. क्रीडा शिष्यवृत्तीच नसलेल्या छोट्या महाविद्यालयातला धावपटू आणि लाखभर प्रेक्षकांपुढे खेळणारा क्वार्टरबॅक यांचा कायदा एक असू शकत नाही. जिथे खेळ हा धंदा आहे तिथे मोबदल्याच्या अटी खेळाडूंशी बोलून ठरल्या पाहिजेत, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी नोकराचा दर्जा लागेल की संसद वेगळी तरतूद करेल, हा मार्गाचा प्रश्न.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध निव्वळ कुतूहलाचा नाही. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ ची एकेरीची विजेतेपदे मिळवली. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून दोनदा विजेता ठरला. अशा वाटेने आज जाणारा मुलगा एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जातो, आणि त्या व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचे काम करता येत नाही. केंटकी विद्यापीठात शिकणाऱ्या काँगोच्या ऑस्कर चिब्वेने ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामा बेटांवर गेला असताना आपल्या जाहिरातींचे काम उरकले, कारण ती जमीन अमेरिकेची नव्हती. न्यू जर्सीत जन्मलेली मराठी घरातली मुलगी आणि पुण्याहून शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा एकाच विद्यापीठाच्या टेनिस कोर्टांवर सराव करत असतील, तर करार तिला करता येतो, त्याला नाही. इथेही तोच पेच. नावातून येणारे उत्पन्न आणि काम यांतली रेघ कायद्याने नीट आखलेली नाही, आणि ती न आखण्याची किंमत सर्वांत दुबळा खेळाडू मोजतो. परदेशी शिष्यवृत्तीचा विचार करणाऱ्या पालकांनी प्रवेशपत्राइतकीच ही बाबही तपासायला हवी.

पुढील पानांत या व्यवस्थेचा इतिहास, खटले आणि करार तपशिलाने येतील, आणि वाचक त्यांतून स्वतंत्र निष्कर्ष काढील. एक कसोटी मात्र हाती असावी. एखाद्या कराराबद्दल वाचताना विचारावे, की हा पैसा जाहिरातदाराने गिऱ्हाईक मिळवण्यासाठी दिला, की संघाने सामना जिंकण्यासाठी? पहिल्या प्रकाराबद्दलचा वाद २०२१ मध्ये संपला आणि न्याय्य रीतीने संपला. माणसाचे नाव त्याचेच असते. दुसऱ्या प्रकारावर अजून निधीची, तडजोडीची आणि वाजवी किमतीच्या तपासणीची पांघरुणे घातली जात आहेत. हौशीपणाचा नियम राखायला एनसीएएने जितकी वर्षे आणि जितके वकील खर्ची घातले, त्याचा अल्पसा भाग जरी खेळाडूंशी सरळ करार करण्यात घातला असता, तर आज दोष द्यायला जाहिराती सापडल्या नसत्या. मजुरी किती असावी यावर मतभेद राहतील. पण ती ठरवताना घाम गाळणारा वाटाघाटीला बसलेला असावा, आणि दिलेल्या पैशाला मजुरी म्हणण्याचे धैर्य देणाऱ्याने दाखवावे.